चौसष्टाव्या वर्षी आजोळ

नेरळमध्ये आज चाळिशीच्या आत असलेल्या निम्म्या लोकांना विमलबाई गायकवाडांनी कधी ना कधी नाक पुसायला शिकवलं आहे. बाई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. अंगाने ठेंगण्या, चालायला तुरतुरीत, आणि आवाज असा की रेल्वे फाटकाच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडची पोरं जागच्या जागी थांबायची. रिटायर झाल्या तरी तो आवाज काही रिटायर झाला नाही.

मी त्यांच्या शेजारची छाया. माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांच्या घराला लागूनच आहे. मध्ये भिंत आहे, पण आमच्या गप्पांना ती कधी आडवी आली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी मेघा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळाला न्हाऊमाखू घालायला बाईंनी दुसऱ्या कोणाला ठेवलं नाही. रोज सकाळी स्वतः पाटावर बसायच्या, पाय पसरायच्या आणि बाळाला पायांवर पालथं घालून तेल चोळता चोळता त्याच्याशी बोलत राहायच्या. एका सकाळी मी हळद द्यायला गेले तर बाई बाळाला सांगत होत्या, "हे बघ, हे तुझं आजोळ. इथं तुला कोणी रागवायचं नाय. इथं तू म्हणशील ती पूर्व." आणि बोलता बोलता मध्येच थांबल्या. हातातला तांब्या तसाच.

"छाये," त्या म्हणाल्या, "हिला जन्मल्या जन्मल्या आजोळ मिळालं. मला कधी मिळालंच नाय गं."

मला वाटलं आता त्या रडतील. पण बाईंनी बाळाच्या पाठीवर पाणी ओतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि मेघाकडे देत ठणकावून सांगितलं, "मला पण पाहिजे."

"काय पाहिजे?" मेघाने विचारलं.

"आजोळ."

बाईंचा जन्म एकसष्ट सालचा. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, तेव्हा पळसदरीला राहायचे. बाई चार वर्षांच्या असताना आई तापाने गेली. वडिलांची बदली आधी कसाऱ्याला, मग आणखी कुठे कुठे होत राहिली. एकटा माणूस लहान मुलीला घेऊन सासुरवाडीला तरी किती जाणार? ते जाणं राहूनच गेलं. नेरळला ते राहायला आले ते पुष्कळ वर्षांनी, दुसरं लग्न करून. सावत्र आई मायाळू होती, बाई आजही तिचं नाव काढतात. पण मे महिना आला की गल्लीतली पोरं पिशव्या भरून आजोळी जायची आणि ही एकटी फाटकावर बसून गाड्या मोजायची. वडिलांना विचारलं तर ते एवढंच सांगायचे, "तुझी आई बायजा, धाकलूची मुलगी. गाव मोरवळ, पेठा खालापूर, जिल्हा कुलाबा." मोठी झाल्यावर नीट विचारू असं बाईंच्या मनात होतं. पण बाई मॅट्रिकला असतानाच वडीलही गेले.

एवढ्या तीन ओळींवर आमचा शोध सुरू झाला.

पहिला प्रयत्न जावयाने केला. स्वप्नील पनवेलला कामाला आहे, फोनमध्ये हुशार. त्याने 'मोरवळ' आणि 'कुलाबा' टाकलं. फोनने मुंबईतला कुलाबा दाखवला. समुद्र, होड्या, मोठमोठ्या इमारती. बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"माझी आई एवढी श्रीमंत होती?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे इतके हसलो की बाळ दचकून उठलं.

मग मेघाने नवऱ्याला समजावलं की आपल्या रायगड जिल्ह्याचंच नाव आधी कुलाबा होतं. ते एक्क्याऐंशी साली बदललं. स्वप्नीलने रायगड टाकून पाहिलं. आता फोनने किल्ला दाखवला.

"ठेव तो फोन," बाई म्हणाल्या. "खालापूर काय लांब हाय का? छाये, तुझी स्कूटी काढ."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी बाईंना मागे बसवलं आणि कर्जतवरून आम्ही खालापूरला गेलो. तहसील कचेरीत गर्दी होती. सुनील नावाच्या एका तरुण क्लार्कने आमचं ऐकून घेतलं, तालुक्यातल्या गावांची नावं वरून खाली पाहिली आणि मान हलवली. "मावशी, मोरवळ नाही आपल्याकडे."

"नीट बघ रं बाबा. पेठा खालापूर."

"पेठा म्हणजे? मिठाईचा?"

शेजारच्या टेबलावर एक वयस्क अव्वल कारकून मॅडम बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं. पूर्वी खालापूर हा काही वेगळा तालुका नव्हता. तो कर्जत तालुक्याचाच एक भाग होता आणि त्याला पेठा म्हणायचे. नंतर खालापूर वेगळं झालं. तेव्हा हद्दीवरची काही गावं इकडची तिकडे झाली असणार. "तुमचे वडील जुनं नाव सांगत होते," त्या म्हणाल्या. "गाव आमच्याकडे नाही, म्हणजे ते कर्जतकडे राहिलं असेल." उठून त्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या आणि तालुक्याच्या रेघेवर बोट ठेवून हळूहळू पुढे नेत राहिल्या. रेघ डोंगराच्या माथ्यावरून जात होती. एका जागी बोट थांबलं. रेघेच्या पलीकडे, कर्जतच्या बाजूला, बारीक अक्षरात मोरवळ लिहिलेलं होतं.

बाई नकाशाला नाक लावून उभ्या राहिल्या. "म्हणजे माझं आजोळ माझ्याच तालुक्यात? आणि मी ते शोधायला परतालुक्यात आले?"

"हो की."

"छाये! आपल्या घरापासून तासाभरावर गं!" हे त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. बाईंनी त्यांनाही सांगून टाकलं, "आजोळ सापडलं माझं!" कोणी तरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि रसवाल्यालाही ती बातमी समजली.

पण ते अजून सापडलं नव्हतं.

रविवारी आम्ही मोरवळला गेलो. बाईंनी नवी साडी नेसली होती, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला होता. पिशवीत बुंदीचे लाडू होते. किती घरं निघतील कोण जाणे, म्हणून जरा जास्तच. गाव डोंगराच्या पायथ्याशी. रस्त्याला लागून फार्महाउसांच्या भिंती आणि आत गेल्यावर जुनी घरं. भात कापून झालेलं, शेतात वाल हिरवागार उभा. आईकडची माणसं बौद्ध, म्हणून बाईंनी दुकानात विचारलं, "बौद्धवाडी कुठल्या अंगाला हाय?"

दुकानातल्या बाईने आमच्याकडे पाहिलं. "इथं बौद्धवाडी नाय. कधीच नव्हती. मी पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले, तेव्हापासून तर नाय."

"धाकलूचं घर?"

"धाकलू नाय कोणी."

बाई बाहेर आल्या. गावाच्या मागे मातीचा बांध दिसत होता. आम्ही चालत तिथवर गेलो. बांधावर चढल्यावर पलीकडे तळं होतं. शांत, निळं, कडेला बगळे. बाई बांधावर पुढे पुढे चालत गेल्या. मी मागेच थांबले. पार दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या वळल्या आणि त्यांनी मला हाक मारली, "छाये गंऽऽऽ, हिकडं ये!"

हाक पाण्यावरून डोंगरापर्यंत गेली आणि फिरून परत आली.

खाली काठावर एक माणूस म्हशी धूत होता. हाक ऐकून तो ताठ उभा राहिला. म्हशी तशाच सोडून पाण्यातून काठावर आला आणि बांधावर चढून सरळ बाईंच्या समोर जाऊन थांबला. तोवर मीही तिथे पोचले. माणूस पासष्टीचा असेल. अंगावर बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला.

"कुठल्या तुमी?" त्याने विचारलं.

"नेरळच्या."

"मूळच्या?"

"तेच शोधत आलोय," बाई म्हणाल्या. "माझी आई इथली. बायजा. धाकलूची मुलगी."

त्या माणसाने डोक्याला हात लावला आणि बांधावरच बसला. "अशी हाक फक्त धाकलूबाबा मारायचा," तो म्हणाला. "ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर. माझा बाप म्हणायचा, धाकलू हाये तोवर गावाला भोंगा नको. बाय, तू विमल का?"

बाई त्याच्या शेजारी बांधावरच बसल्या. आपलं नाव त्या माणसाच्या तोंडून येईल असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नव्हतं.

त्याचं नाव श्रीपत. गावातल्या शेतकरी घरातला. त्याने सगळं सांगितलं ते असं. आता जिथे पाणी आहे तिथे आधी वाडी होती, दहा-बारा घरांची. त्र्याहत्तर साली तळ्याचं काम निघालं. गाव उंचावर होतं, ते वाचलं. वाडी खोलगट जागेत, ती उठवायची ठरली. त्यांना जागा मिळाली डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्या गावाच्या गायरानात. वाडीतल्या माणसांनी घरं उकलली. कौलं, वासे, दारं, चौकटी, सगळं डोक्यावर घेऊन डोंगर चढले आणि पलीकडे उतरले.

"मी बारा-तेरा वर्षांचा होतो," श्रीपत म्हणाला. "आमी पोरं पण कौलं वाहायला लागलो. शेवटच्या खेपेला धाकलूबाबा आमच्या घरी आला. ओटीच्या खालीच उभा राहिला. ते दिवस तसलेच होते, बाय, आज लाज वाटते. पण माझ्या बापाचा आणि त्याचा जीव होता एकमेकांवर. बापाला म्हणाला, माझ्या बायजाची मुलगी कधी तरी येईल. विमल तिचं नाव. इथं येऊन पाणी बघेल नि परत जाईल. तिला सांग आमी कुठं गेलो ते."

बाई आणखी जवळ सरकून बसल्या.

"बाप जाताना मला म्हणाला, श्रीपत, त्या पोरीचं ध्यानात ठेव. मी ठेवलं. पण तू यायचीच नाय. मला वाटलं आता काय येते. मी माझ्या सुनेला सांगून ठेवणार होतो." मग त्याने हात वर करून डोंगराच्या माथ्याकडे दाखवलं. "तिथून पलीकडं उतरलं की हाये वाडी. कुंभिवलीच्या अंगाला. झाला निरोप. सुटलो मी."

"कुंभिवली?" मी विचारलं. "म्हणजे तालुका..."

"खालापूर."

मी आणि बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. गाव आधी खालापूरमध्ये होतं, ते कर्जतमध्ये आलं. माणसं कर्जतमध्ये आली ती डोंगर चढून खालापूरला गेली. आम्ही खालापूरला गेलो तर तिथून आम्हाला कर्जतला पाठवलं, आणि आता कर्जतहून परत खालापूर. आधी मी हसले की बाई ते आठवत नाही. हसता हसता बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसणं कुठलं आणि रडणं कुठलं ते कळेना. श्रीपतदादा बिचारा बावरून गेला. बाईंनी डोळे पुसले, पिशवीतून मूठभर लाडू काढून त्याच्या हातात कोंबले आणि वाकून त्याच्या पाया पडल्या.

"अगं अगं, मी तुझ्याच वयाचा," तो मागे सरकत म्हणाला.

"तुमच्या नाय पडत. निरोपाच्या पडते," बाई म्हणाल्या.

जेवायला थांबा म्हणून त्याने फार आग्रह केला, पण बाईंना आता कोण थांबवणार? डोंगराला वळसा घालून स्कूटीने आम्ही निघालो. हायवेजवळ कारखान्यांची धुराडी, ट्रकांच्या रांगा, ढाबे. एका वळणावरून कच्चा रस्ता आत जात होता. पाटी होती: बौद्धवाडी, सोनशेत. मोरवळ हे नाव कुठेच नाही. आपण चुकलो असं मला वाटलं. पण आत गेल्यावर पहिल्याच घराच्या भिंतीवर नाव होतं, 'नवीन धाकलू मोरवळकर'.

नवीन अंगणात टेंपो धूत होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. तो पाण्याचा पाइप हातात धरून तसाच उभा. पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं. मग घराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "आत्ते! ए आत्तेऽऽ!"

तीच हाक. मी बाईंकडे पाहिलं. त्यांना पण कळलं होतं.

नवीन हा बाईंच्या मामाचा मुलगा. शाळेत घालताना मास्तरांनी की मामाने स्वतः, कोणी तरी बापाच्या नावाच्या जागी आजोबाचं नाव मध्ये घातलं होतं आणि सुटलेल्या गावाचं नाव आडनाव म्हणून शेवटी. मामा हयात नव्हता. पण आतून जी म्हातारी काठी टेकत बाहेर आली ती चंद्राबाई, बायजाची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाच्याच घरी राहत होती.

"आत्ते, ही बघ कोण. बायजाआत्तेची विमल."

म्हातारीने डोळे बारीक केले. "चल, काय पण बोलतो. विमल एवढीशी हाय." आणि तिने हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली.

"मावशी, मी मोठी झाले गं," बाई म्हणाल्या. चौसष्ट वर्षांची, नातीची आजी झालेली बाई. आवाज एकदम बारीक.

चंद्राबाई पुढे आली. बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, इकडून तिकडून पाहिला, कानामागे बघितलं. तिथे काय होतं ते तिलाच ठाऊक. मग तिने बाईंच्या दंडावर सणसणीत चापट मारली. "कुठं होतीस गं एवढे दिवस? तुझा मामा कसाऱ्यापर्यंत जाऊन आला तुला बघायला. सगळ्या चाळींत विचारलं. जेवायच्या वेळेला तरी यायचंस!" आणि तिने बाईंना छातीशी ओढलं ते किती तरी वेळ सोडलं नाही.

एव्हाना सगळी वाडी गोळा झाली होती. लाडू कमी पडले. कोणी तरी बाईंना बायजेची गोष्ट सांगू लागलं, दुसऱ्याने ती दुरुस्त केली. बायजा कशी झाडावर चढायची, बायजाने शाळेच्या मास्तरांना कसा उलट जबाब दिला होता. छप्पन साली दीक्षा घ्यायची ठरली तेव्हा वाडीत पहिलं पांढरं पातळ तिनेच नेसलं होतं आणि आईला म्हणाली होती, "आता मी कोणाच्या ओटीखाली उभी राहायची नाय." बाईंनी आईचा फोटोसुद्धा कधी पाहिला नव्हता. त्या दुपारी त्यांना पंधरा-सोळा वर्षांची, झाडावर चढणारी, फटकळ आई मिळाली. परत येताना स्कूटीवर मागून त्या पूर्ण रस्ताभर मला तेच सांगत होत्या. "उलट जबाब दिला गं मास्तरांना! म्हणजे माझं पण तिथूनच आलंय!"

पुढच्या पंधरवड्यात नवीनने पोपटी लावायचं ठरवलं. वालाच्या शेंगा ऐन भरात होत्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून मीठ-ओवा आणि पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा नि काटक्या पेटवायच्या. आम्ही संध्याकाळी पोचलो. मी, बाई, मेघा, स्वप्नील आणि टोपडं घातलेलं बाळ. नवीन टेंपो घेऊन डोंगराला वळसा घालून गेला आणि श्रीपतदादाला घेऊन आला. त्याने घरचा वाल आणला होता, पोतंभर.

चंद्राबाईने त्याला पन्नास वर्षांनी पाहिलं. "श्रीपत, तू माझी कौलं फोडली होतीस. तीन," ती म्हणाली.

"पाय घसरला होता माझा!"

"घसरला नव्हता. तू पळत होतास."

श्रीपतदादा नवीनच्या पडवीत चढून आत आला, चंद्राबाईच्या शेजारी खाटेवर बसला आणि दोघं कौलांवरून भांडत राहिली. बाहेर शेकोटीपाशी बाईंनी मेघाला फोन काढायला लावला होता. घराण्याची सगळी नावं त्यांना लिहून हवी होती. आजोबांचे आजोबा कोण, कोण कुठे दिली, कोणाला किती मुलं. चंद्राबाई आतून ओरडून नावं पुरवत होती. गावाच्या रकान्यापाशी गाडी अडली.

"गाव मोरवळ," मेघा म्हणाली. "तालुका काय लिहू? आणि जिल्हा? कुलाबा की रायगड?"

"सगळंच लिही," बाई म्हणाल्या. "पेठा पण लिही. उद्या हिला शोधायचं झालं तर कुठल्याही बाजूने आली तरी सापडलं पाहिजे." आणि त्यांनी बाळाकडे बोट दाखवलं.

"आणि सोनशेत?"

"ते पण. नि नेरळ पण."

नवीनने काठीने निखारे बाजूला केले आणि मडकं उलटं केलं. वाफेचा लोट उठला, ओव्याचा नि भाजलेल्या पाल्याचा वास सगळीकडे पसरला. पहिलं पान चंद्राबाईने स्वतः वाढलं, बाईंसाठी. त्यात इतकं वाढलं की पान दोन्ही हातांनी धरावं लागलं.

"मावशी, पुरे गं, मला एवढं नाय जात."

"गप. मे महिन्यात येशील तेव्हा आंबे हायेत, फणस हाये. महिनाभर राहायचं. कपडे घेऊन ये."

"महिनाभर?" बाई घास तोंडात धरूनच माझ्याकडे वळल्या. "छाये, तू माझ्या झाडांना पाणी घालशील ना गं?"